शांत गाव कोणाचे? : कुलाब्याच्या किनाऱ्यावरील राखण, गुन्हा आणि वाळीत

१

एखादी वस्ती सुरक्षित आहे की नाही हे ठरविण्याची सरकारी रीत फार सोपी आहे. ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात किती चोऱ्या, किती दरोडे, किती मारामाऱ्या आणि किती खून नोंदले गेले ते मोजायचे, त्याला लोकसंख्येने भागायचे आणि येणारा आकडा शेजारच्या ठाण्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा. आकडा लहान असला की गाव शांत ठरते. सरपंचाची मान ताठ होते, आणि वर्तमानपत्रांना त्या गावाविषयी लिहिण्यासारखे काही उरत नाही.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अशी शांत गावे पुष्कळ आहेत. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हे तालुके आणि सावित्रीच्या खाडीने समुद्राशी जोडलेला महाड तालुका, या पट्ट्याचे नाव निघाले की पांढरपेशा माणसाच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे आणि दाराला कुलूप न लावता झोपणारी माणसे उभी राहतात. ही शांतता खोटी आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. ती कोणाची आहे, एवढेच विचारायचे आहे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. ते उत्तर केवळ एका जिल्ह्यापुरते नाही. गुन्हा कशाला म्हणायचे, तो कोणी नोंदवायचा आणि कोणाच्या अंगावरची जखम नोंदवहीत जाण्याच्या लायकीची मानायची, या तीन गोष्टी ज्यांच्या हाती असतात त्यांच्याच सुरक्षिततेला समाज सुरक्षितता म्हणतो, असे हा इतिहास सांगतो.

२

प्रथम गावाची राखण कोण करीत होते ते पाहू.

गावगाड्यात वेशीवर रात्रभर जागणारा माणूस महार होता. परका माणूस गावात शिरला तर पाटलाला वर्दी द्यायची, चोराचा माग काढीत तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचा, सरकारी भरणा डोक्यावरून तालुक्याला न्यायचा, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा, ही सगळी त्याची कामे. देशावर या कामांना वतनाचा आधार होता. कोकणातल्या खोती गावांत वतनांचा पसारा तेवढा नव्हता. पण आधार कमी होता म्हणून राबणूक कमी झाली नाही. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाला गावच्या शांततेचा धनी केले आणि राखणीची जुनी माणसे त्याच्या हाताखाली कायम ठेवली. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या सेवेला कायद्याची चौकट दिली. महारांना या जोखडातून सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष संपली ती मात्र १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वराज्य येऊन अकरा वर्षे झाल्यावर.

यातली विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. ज्याने गाव राखायचे त्याचे घर गावाबाहेर. शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. पण त्याच महाराच्या डोकीत काठी बसली तर त्याची साक्ष घेणार कोण? वर्दी द्यायची ती पाटलाला, आणि काठी घालणारा पाटलाचा चुलतभाऊ किंवा खोताचा माणूस. ज्या जमिनीवर झोपडी उभी ती खोताची, ज्या शेतात मजुरी मिळते ते खोताचे, ज्या दुकानातून मीठ-मिरची आणायची त्या दुकानदाराचे हितसंबंध खोताशी. अशा वस्तीतून तक्रार ठाण्यापर्यंत जात नसे, आणि तक्रार नाही म्हणून गुन्हा नाही. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला, याचा विचार केवळ जमिनीच्या अंगाने करून भागत नाही. खोताच्या मुठीतली जमीन सुटल्याशिवाय वाडीचे तोंड सुटणार नव्हते. खोती १९४९ साली कायद्याने गेली.

याच काळात सरकारने दुसऱ्या टोकाला काय केले तेही ध्यानात घेतले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्यात आल्या. डोंगरातला कातकरी पिढ्यान्‌पिढ्या काथ काढीत होता, लाकूडफाटा आणीत होता. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर त्याच्या उपजीविकेतल्या किती तरी गोष्टी गुन्हा ठरल्या. महसूल खात्यात नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गुन्हेगार जाती’ आणि ‘गावगाडा’ ही दोन्ही पुस्तके लिहिली, ही गोष्ट त्या काळाच्या विचारपद्धतीवर पुरेसा प्रकाश टाकते. गावाच्या चौकटीत कोण बसतो आणि कोण बसत नाही, यावरून गुन्हेगार ओळखायचा. काही जातींचे जगणे हाच गुन्हा, आणि काही जातींना मारणे हा गुन्हाच नाही, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. त्याची सवय मात्र ठाण्यांच्या भिंतींत मुरलेली आहे.

३

दलितांवरील सामूहिक हल्ला हा न्यायालयात शाबीत होऊन शिक्षेस पात्र ठरलेला गुन्हा झाला, अशा पहिल्या ठळक घटनांत महाडची घटना येते. महाडचा सत्याग्रह आपण पाण्याच्या हक्कासाठी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण वस्तीच्या सुरक्षिततेच्या अंगानेही तो पुन्हा वाचण्याची गरज आहे.

या भागात जागृतीची परंपरा जुनी होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर लेखणी घेऊन उभे राहिले. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा स्पृश्य सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे जड गेले. खाडीवरच्या दासगावसारख्या गावांत लष्करी पेन्शनर होते. त्यांना कवायत ठाऊक होती, वाचता येत होते, आणि सरकार म्हणजे केवळ पाटील नव्हे एवढे कळत होते. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण याच मातीतून पुढे आले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. तळ्यावर मात्र कोणी गेले नाही, कारण गेल्यावर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक होते. सार्वजनिक जागा कागदावर खुली असणे आणि तेथे जाऊन सुखरूप घरी परतता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुरक्षितता म्हणजे यांतली दुसरी गोष्ट.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला पाणी लागणार होते, आणि ते स्पृश्यांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे शिस्तीने चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. दोनेक तासांत आवई उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. हातात काठ्या घेतलेला जमाव नाक्यानाक्यांवर जमला. मंडपात प्रतिनिधी जेवत होते. त्यांच्यावर हल्ला झाला, अन्न मातीत तुडवले गेले. गल्लीबोळांतून एकट्यादुकट्याला गाठून मारले. काही जण मुसलमानांच्या घरांत शिरले म्हणून वाचले. गावोगाव निरोप गेले, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना वाटेवर आणि त्यांच्या गावीही मार बसला.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी सुरक्षिततेच्या चर्चेत मोलाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की डाक बंगल्यात जमलेल्या आपल्या माणसांत लष्करात राहिलेले लोक होते, संतापलेले होते, आणि एका शब्दावर शहरात घुसले असते. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला नाही. अधिकारी त्यांच्याकडे आले तेव्हा आपली माणसे आपण आवरतो, तुम्ही दुसऱ्यांना आवरा, अशी त्यांची भूमिका होती. याला काहींनी दुबळेपणा म्हटले असेल. आम्हाला त्यात दूरदृष्टी दिसते. प्रतिहल्ला झाला असता तर सरकारी दप्तरात ‘दोन गटांतील दंगल’ एवढीच नोंद राहिली असती, आणि दोन्ही बाजूंचे लोक सारख्याच कलमाखाली उभे राहिले असते. हात आवरल्यामुळे हल्लेखोर कोण आणि मार खाणारा कोण हे निर्विवाद राहिले. बाबासाहेबांनी लढाई रस्त्यावरून नोंदवहीत नेली.

दुसरी गोष्ट निकालाची. ६ जून १९२७ रोजी जिल्हा मॅजिस्ट्रेटने पाच सनातनी आरोपींना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. चार महिने ही शिक्षा मोठी नाही. पण अस्पृश्याला मारल्याबद्दल गावातल्या प्रतिष्ठिताला तुरुंगात जावे लागते, हे या किनाऱ्याने पाहिले. बाबासाहेबांनी यावर केलेले भाष्य आजही विचार करायला लावणारे आहे. जिल्ह्याचे मुख्य अधिकारी सवर्ण हिंदू नसल्यामुळेच हा न्याय मिळाला, असे त्यांचे मत होते. म्हणजे कायदा होता, जखमा होत्या, साक्षीदार होते. तरी खुर्चीवर कोण बसले आहे यावर निकाल अवलंबून होता. याच अनुभवातून पुढचे पाऊल पडले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडलेल्या निवेदनात बहिष्कृत हितकारिणी सभेने लष्कर, आरमार आणि पोलीस या खात्यांत अस्पृश्यांच्या भरतीचा हक्क मागितला. ही केवळ नोकऱ्यांची मागणी नव्हती. गावची राखण पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या समाजाला नोंदवहीवरही हात हवा होता.

डिसेंबर १९२७ मध्ये चित्र उलटे झाले. सनातन्यांनी तळे खाजगी आहे असा दावा लावला आणि १४ डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. जूनमध्ये ज्या सरकारने हल्लेखोरांना शिक्षा केली त्याच सरकारच्या न्यायालयाने सहा महिन्यांनी मार खाल्लेल्यांनाच तळ्यावर जाण्यास बंदी केली. मोटारमालक बहिष्कार घालतील या शंकेने बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने आले आणि दासगावला उतरून महाडला गेले. परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला महाड, ठाणे असा फिरत उच्च न्यायालयात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे न्यायालय म्हणाले नाही. अनादि काळापासून वहिवाट असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच म्हणाले. दहा वर्षे लागली ती एवढ्यासाठी.

४

महाडच्या निमित्ताने आणखी एक हत्यार उघडे पडले. काठीचा घाव दिसतो, डॉक्टर त्याचा दाखला देतो. पण मोटारवाल्याने उतारू न घेणे, वाण्याने माल न देणे, मालकाने मजुरीवरून काढणे, वाट अडवणे, पाणी तोडणे याला जखम दिसत नाही. हे सगळे एकाच दिवशी, एकाच वाडीच्या बाबतीत, ठरवून केले जाते. त्याला आमच्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. यात प्रत्येक जण आपापल्या मर्जीने वागत असतो आणि सगळे मिळून एका वस्तीचा गळा आवळीत असतात. नोंदवहीत लिहिण्यासारखे काहीच घडत नाही. गाव अगदी शांत असते.

मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग आणि आदिम जमातींविषयी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात हा बहिष्कार गंभीरपणे नोंदला गेला. बहुतेक ठिकाणी अस्पृश्य पोटासाठी स्पृश्यांवर अवलंबून असल्यामुळे हक्क बजावताच त्यांची उपासमार करता येते, हे समितीने ओळखले. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिले त्यात हा भाग पुढे आणून सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना त्यांच्यासमोर होता. घर किंवा जमीन न देणे, कामावर न घेणे, व्यवहार न करणे, रूढ सेवा नाकारणे, अशी बहिष्काराची व्याख्याच त्यांनी करून दिली, आणि चिथावणी व धमकी यांनाही शिक्षा मागितली. कुलाब्याच्या खाडीवर पाहिलेली गोष्ट लंडनच्या मेजावर कायद्याच्या भाषेत मांडली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढचा प्रवास मात्र खडतर झाला. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात बहिष्काराची व्याख्या आली, पण अस्पृश्यतेच्या कारणावरून तो घातला हे सिद्ध करण्याच्या अटीसह. १९७६ साली दुरुस्ती होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. मुंबई राज्याने १९४९ साली जातबहिष्काराला बंदी करणारा निराळा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरविला. धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली बहिष्काराचे हत्यार पुन्हा मोकळे झाले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला, पण सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र अपराध म्हणून त्यात स्पष्टपणे आला तो २०१५ च्या दुरुस्तीने.

५

मग एक विलक्षण गोष्ट घडली, आणि ती घडली पुन्हा याच किनाऱ्यावर. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने बाहेर येऊ लागल्या. गावकीने निर्णय घ्यायचा, दंड बसवायचा, आणि न भरणाऱ्या कुटुंबाशी बोलेल त्यालाही दंड. लग्नाचे आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही, पिठाच्या गिरणीवर दळण नाही. या तक्रारी करणारे सगळेच दलित नव्हते. कोळी, आगरी, कुणबी, मराठा अशा समाजांतली कुटुंबे त्यांच्याच जातभाईंच्या गावकीने वाळीत टाकली होती. कोणी निवडणुकीला उभा राहिला, कोणी जातीबाहेर लग्न केले, कोणी देवळाच्या हिशोबाविषयी प्रश्न विचारला.

आमच्या वाचकांनी यावरून समाधान मानू नये, आणि ‘आता त्यांनाही कळेल’ असेही म्हणू नये. यातला धडा अधिक खोल आहे. जे हत्यार शेकडो वर्षे एका वाडीवर चालवून धारदार ठेवले, ते घरातच फिरणार होते. महारवाड्याचे पाणी तोडण्याची ज्या गावकीला सवय आहे ती गावकी आपल्यातल्या बंडखोराचेही पाणी तोडणारच. दलित वस्तीची असुरक्षितता हा दलितांचा खाजगी प्रश्न कधीच नव्हता. ती साऱ्या गावाच्या असुरक्षिततेची शाळा होती.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली होती. १३ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. गोलमेज परिषदेत मागितलेली गोष्ट सर्व नागरिकांसाठी या राज्याच्या कायद्यात यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. या नव्वद वर्षांत वाळीत टाकलेल्या किती कुटुंबांची नोंद झाली असेल? आणि ती गावे किती ‘शांत’ म्हणून गणली गेली असतील?

६

कायदे झाले, आता आकडा खरा बोलेल, असे कोणाला वाटेल. म्हणून आकडा कसा तयार होतो हे कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. त्यात मोजला जातो तो दखलपात्र गुन्हा, ज्याची ठाण्यात पहिली खबर लिहिली गेली तो. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी यांतले बरेचसे अदखलपात्र. ठाणे अंमलदार त्याची एन.सी. लिहितो, हातात एक चिटोरे देतो, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पुढे तपास होत नाही. विहिरीवर कानफटात बसली, जातीवरून शिवी दिली, एवढ्या प्रसंगाची एन.सी. झाली की तो वार्षिक आकड्यातून गळला. तोच प्रसंग अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली लिहिला असता तर दखलपात्र होता, आणि १९९५ च्या नियमांप्रमाणे त्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा होता. एकाच थपडेचे दोन जन्म. कोणता जन्म द्यायचा हे टेबलामागचा माणूस ठरवितो.

हा प्रकार ठाण्यापाशी थांबतो असेही नाही. कोकणापासून दूर, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. खून शाबीत झाला, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा अपराध शाबीत झाला नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयातही तसेच ठरले. माणसे मेली हे मान्य, ती का मारली गेली हे अमान्य.

देशभरात अनुसूचित जातींवरील अपराधांची नोंद २०२१ साली ५०,९०० होती, २०२२ साली ५७,५८२. ही वाढ पाहून दोन तऱ्हेचे लोक बोलू लागतात. एक म्हणतात, अत्याचार वाढले. दुसरे म्हणतात, खोट्या तक्रारी वाढल्या. तिसरी शक्यता कोणी मांडत नाही, की जो जिल्हा पूर्वी मुका होता तो बोलू लागला. ज्या तालुक्यात अशा नोंदी शून्य आहेत तेथे समता नांदते असे समजणे म्हणजे ज्या गावात दवाखाना नाही तेथे आजार नाहीत असे समजणे होय. दलितांच्या बाबतीत तक्रारीचा वाढता आकडा काही वेळा धैर्याचे माप असतो.

खोट्या तक्रारींचा आक्षेप किती खोलवर जातो हे २०१८ साली दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी परवानगी अशा अटी अत्याचार प्रतिबंधक कायद्यावर घातल्या. निकालाची तारीख होती २० मार्च. चवदार तळ्याचा दिवस. २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून त्या अटी दूर केल्या, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरले. एक्याण्णव वर्षांनी पुन्हा वाद तोच होता. आमची खबर पहिल्याच पावली लिहून घ्यायची की नाही?

७

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. कोकणात लोकांनी हे काम फार आधी केले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर महारवाड्याची बौद्धवाडी झाली. नाव बदलले ही लहान गोष्ट नाही. पण वाडी गावापासून तेवढ्याच अंतरावर आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तिची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाते. या वाटेवर कोणी खून करीत नाही. फक्त कुंपण दोन हात पुढे सरकते, पावसाळ्यात गटार त्या बाजूला वळते, स्मशानाकडे जाताना कोणी तरी आडवे येते. यातले काही ठाण्याच्या दप्तरात जात नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यापुरते एक काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. वाडीवाडीत जाऊन पाणी, वाट, स्मशान, दुकान, मजुरी आणि देऊळ या सहा ठिकाणी गेल्या काही वर्षांत काय घडले ते तारखेनिशी लिहून काढावे. ठाण्यात कोणती तक्रार दिली, ती कोणत्या कलमाखाली लिहिली, की एन.सी. देऊन परत पाठविले, हेही लिहावे. माहितीच्या अधिकाराने ठाण्याचे आकडे मागावेत आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. जिल्हा दक्षता समितीच्या बैठका नियमाने होतात का, हे विचारावे. भाषणांनी जे होत नाही ते अशा दोन वह्यांमधल्या फरकाने होते, कारण तो फरक कोणाला नाकारता येत नाही. महाडला आपल्या माणसांनी हात आवरला आणि कागद हाती धरला, तेव्हा पाच जणांना शिक्षा झाली हे विसरू नये.

त्याबरोबरच महाडचा दुसरा धडाही घ्यावा. त्या दिवशी पोलीस पोचण्याआधी काही घरांची दारे उघडली होती आणि त्यांनी पळत आलेल्या माणसांना आत घेतले. पुढे जागाही अशाच एका शेजाऱ्याने दिली. वस्तीची सुरक्षितता कायद्याने उभी राहते आणि शेजाऱ्याने टिकते. शेजार जातीने बांधलेला असेल तर कायदा वाडीच्या वेशीपर्यंत येऊन थांबतो. म्हणून आपली वही घेऊन बौद्धवाडीत बसणाऱ्या कार्यकर्त्याने ती कोळवाड्यात आणि कुणबवाडीतही न्यावी. तेथेही गावकीने तोडलेली घरे आहेत, आणि त्यांना आपला शत्रू ओळखायला अजून वेळ लागतो आहे.

ज्या गावात सर्वांत दुबळ्या घरातली बाई एकटी पाण्याला जाते, वाटेत कोणी अडविले तर ठाण्यात जाते, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले जातात आणि दुसऱ्या दिवशी तिला गिरणीवर दळण मिळते, ते गाव सुरक्षित. इतर गावे फक्त शांत आहेत.